एक प्रश्न, एक घड्याळ: डायव्हर कलेक्शनच्या नोंदी

८ नोव्हेंबर

दिवाळीचा बोनस आणि भिशीचा नंबर एकाच वेळी आलाय त्यामुळं कलेक्शनचं आता मनावर घेतलंय. तीन घड्याळं घ्यायची, तिन्ही डायव्हर म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेली, आणि तिन्ही अशा घराण्यांची ज्यांचा पाण्याशी जुना आणि खरा संबंध आहे. एकदम नाही, जमेल तसं, पण कुठली घ्यायची ते आधी कागदावर ठरवायचं म्हणून या नोंदी.

अडचण अशी की सध्या बऱ्याच कंपन्या साठच्या दशकातलं एखादं मॉडेल शोधून काढतात, काट्यांवर मुद्दाम पिवळसर लूम, म्हणजे अंधारात चमकणारा लेप, लावतात आणि ही आमची परंपरा म्हणून विकतात. दिसायला सगळीच भारी दिसतात, मग निवडायचं कशावर? मी एक नियम केलाय. त्या घराण्यानं पाण्यातला कुठला प्रश्न स्वतः सोडवला ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर घड्याळ कितीही देखणं असू दे, यादीतून बाहेर.

प्रश्न तसे मोजकेच आहेत. पाणी आत येऊ द्यायचं नाही. अंधारात वेळ दिसली पाहिजे. पाण्यात उतरून किती मिनिटं झाली आणि अजून किती थांबता येईल ते कळलं पाहिजे. लई खोल जाणाऱ्यांच्या घड्याळात हेलियम वायू शिरतो तो त्रास वेगळाच. आणि मीठ, घाम, आपटणं हे सगळं सोसून वर्षानुवर्षं चालत राहिलं पाहिजे. एका प्रश्नाला एक घड्याळ असं जमलं तर बॉक्स उघडून कुणालाही सगळी गोष्ट सांगता येईल, नुसती तीन सुंदर घड्याळं एवढंच राहणार नाही.

१२ नोव्हेंबर

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे त्यामुळं सील, ओ-रिंग, दाब हे रोजचंच काम. आम्ही व्हॉल्व्हची बॉडी रेटेड प्रेशरच्या दीडपट दाबाला हायड्रो टेस्ट करतो. डायव्हर घड्याळांचं स्टँडर्ड म्हणजे आयएसओ ६४२५, ते सव्वापट दाब मागतं, तोही दोन तास. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार, म्हणजे डायलवर २०० मीटर लिहिलं असेल तर २० बार आणि टेस्ट २५ बारला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ही टेस्ट सॅम्पलवर चालत नाही, प्रत्येक नग तपासावा लागतो. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळाला सॅम्पल चालतं. क्वालिटीच्या माणसाला हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

बाकीच्या अटी पण वाचण्यासारख्या आहेत. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की बंद पडलंय ते पण अंधारातच कळलं पाहिजे, म्हणून सेकंद काट्यावर लूमचा ठिपका असतो. ४० अंशाच्या पाण्यातून काढून ५ अंशाच्या पाण्यात आणि परत ४० ला. मिठाच्या पाण्यात २४ तास. आणि एक टेस्ट तर साधीसुधी आहे: घड्याळ ४०-४५ अंशाला गरम करायचं, काचेवर थंड पाण्याचा थेंब एक मिनिट ठेवायचा, पुसायचा, आतून वाफ धरली तर समजायचं की ओल आत गेलेली आहे.

हे सगळं इथं लिहून ठेवतोय कारण दुकानात "पाण्यात चालतंय की साहेब" एवढंच सांगतात. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून कळंब्याच्या तलावात पोहायला जाणारे आपल्यात कमी नाहीत, ३० मीटर म्हणजे हात धुताना, पावसात चालेल एवढंच धरायचं.

१६ नोव्हेंबर

आज १९५३ च्या आसपासचं सगळं वाचून काढलं. ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स त्याच सालचं. कंपनीचा प्रमुख जाँ-जाक फिएश्टर स्वतः डायव्हिंग करायचा, आणि त्याच वेळी फ्रेंच नौदलातले रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोघं त्यांच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ शोधत होते. त्यांना काळी डायल पाहिजे होती, मोठे ठळक आकडे, अंधारात चमकणारे, आणि बाहेरून फिरणारी रिंग म्हणजे बेझल. फिफ्टी फॅदम्स म्हणजे पन्नास वाव, साधारण ९१ मीटर. क्राऊनला म्हणजे चावीच्या खुंटीला दुहेरी सील, मागच्या झाकणाची ओ-रिंग पिळवटू नये म्हणून वेगळी रचना, आणि बेझल चुकून फिरू नये म्हणून लॉक. आज ज्याला आपण डायव्हर घड्याळ म्हणतो त्याचा सगळा नकाशा इथंच आहे.

रोलेक्सचं सबमरिनर पण त्याच काळातलं, १९५४ ला लोकांपुढं आलं. पण रोलेक्सचा खरा मोठेपणा त्याच्या आधीचा आहे, १९२६ ची ऑयस्टर केस, स्क्रूनं घट्ट बसणारा क्राऊन. १९२७ ला मर्सिडीज ग्लिट्झ नावाची इंग्लिश जलतरणपटू ती घेऊन इंग्लिश खाडीत उतरली, थंडीनं पोहणं अर्ध्यावर सोडावं लागलं पण घड्याळ चालूच होतं.

बेझल एकाच दिशेला का फिरतं हे मला अजून लोकांना समजावून सांगावं लागतं. पाण्यात धक्का लागून ते सरकलं तर उरलेला वेळ कमीच दाखवणार, जास्त कधीच नाही. म्हणजे झालीच चूक तर माणूस लवकर वर येतो. इतका साधा आणि इतका शहाणा विचार फार कमी यंत्रांत बघायला मिळतो.

ही दोन्ही घड्याळं माझ्या बजेटच्या कितीतरी बाहेर आहेत. पण मोजपट्टी म्हणून हीच दोन समोर ठेवणार. आणि त्यांच्या डुप्लिकेटला घरात जागा नाही, हे पण आजच लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर

रविवार होता म्हणून महाद्वार रोडच्या बोळातल्या घड्याळवाल्या काकांकडं निवांत बसायला मिळालं. विषय फेवर-ल्युबाचा.

कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना विचारलं तर एचएमटी, वेस्ट एंड आणि फेवर-ल्युबा ही नावं हमखास येतात. १७३७ चं स्विस घराणं, आणि मुंबईत १८६५ पासून. लग्नात जावयाला फेवर-ल्युबा घातलं म्हणजे लग्न दणक्यात झालं असं आमच्याकडं आजही सांगतात. आणि याच घराण्यानं १९६८ ला बॅथी काढलं, मनगटावर बॅटरीशिवाय खोली दाखवणारं पहिलं यांत्रिक घड्याळ. आत एक पातळ पडदा, पाण्याचा दाब वाढला की तो दबतो आणि काटा सरकतो. माझ्या नियमात हे एकदम फिट बसतं, प्रश्न पण स्वतःचा आणि उत्तर पण.

पण बॅथी मिळणार कुठं. बाजारात जे मिळतं ते सी किंग आणि सी चीफ. नावात सी आहे, डायव्हर नाहीत, साधी चावीची घड्याळं. काकांनी ड्रॉवर उघडून बरीच दाखवली.

"काका, हे निळं डायलवालं कसलं भारी दिसतंय."

"दिसणारच की. रंग नवा हाय त्याचा. भिंगातनं बघा जरा, अक्षरं बघा."

भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, स्विस मेड खाली तिरकं, आणि तास दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या कडेला रंगाचा थर चढलेला. यालाच कलेक्टर लोक मुंबई स्पेशल म्हणतात. मशीन खरं असतं, डायल परत रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, क्राऊन तिसऱ्याचा, आणि केसला इतकं पॉलिश मारलेलं की कडाच राहिलेल्या नाहीत. अशी घड्याळं इथून जगभर जातात आणि भारतातनं आलेलं म्हटलं की बाहेरचे कलेक्टर आधी संशयच घेतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या रंगाच्या खाली कुठंतरी एक खरी डाग पडलेली डायल होती, कुणाच्या तरी मनगटावर आयुष्य काढलेली, आणि ती आता कायमची गेली.

लूमचं पण काकांनी आणि मी मिळून तपासलं. जुन्या घड्याळात रेडियम असायचं, नंतर ट्रिटियम आलं, त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या थोडं वर, तेवढ्यात त्याचा जोर निम्मा होतो. म्हणजे साठच्या दशकातलं घड्याळ आज रात्रभर लखलख चमकत असेल तर लूम नंतर भरलेलं आहे, कारण आजचं वर्षानुवर्षं न मंदावणारं, किरणोत्सर्ग नसलेलं लूम १९९३ च्या आसपास आलं. आणि रेडियमवालं असेल तर डायल खरवडायची नाही, ती पूड नाका-तोंडात जाता कामा नये. काकांना हे माहीत होतं, ते डायल काढली की फुंकर मारत नाहीत.

फेवर-ल्युबा २०११ ला टायटनकडं आलं, आता दुसऱ्या भारतीय ग्रुपकडं आहे आणि २०२४ ला नव्यानं बाजारात उतरलंय, डीप ब्लू नाव परत आलंय याचा आनंद आहे. पण मला बॅथी पाहिजे होतं, त्यामुळं जुन्याचा कप्पा सध्या बंद. रंगवलेलं काही घेणार नाही, मग रिकामा राहिला तरी चालेल.

७ डिसेंबर

लाँजिन्स, ओरिस, सर्टिना. भराभर.

लाँजिन्सचं लेजंड डायव्हर १९५९ च्या घड्याळावरून आलेलं. त्या जुन्याची केस सुपर कॉम्प्रेसर जातीची, एर्व्हां पिकरे नावाच्या केसवाल्यांनी बनवलेली. मागचं झाकण स्प्रिंगवर बसलेलं असतं आणि खोल जाल तसा पाण्याचा दाबच ते झाकण गॅस्केटवर अजून घट्ट दाबतो. व्हॉल्व्हवाल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते कुणीही समजू शकेल, आमच्याकडं पण लाइनच्या दाबानं स्वतःच घट्ट होणारं सीलिंग असतं. पण ती कल्पना केसवाल्यांची, अनेक कंपन्यांनी तीच केस वापरली. आणि आत्ताच्या लेजंड डायव्हरमध्ये ती रचना नाही, साधं स्क्रूचं झाकण आहे. ३९ मिलिमीटरचं नवं मॉडेल दिसायला या सगळ्या यादीत एक नंबर आहे, तरी माझ्या नियमात बसत नाही.

ओरिसचं डायव्हर्स सिक्स्टी-फाइव्ह १९६५ च्या घड्याळावरून २०१५ ला आलं. १०० मीटर. कंपनी मला आवडते, सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या वादळात १९८२ ला त्यांच्याच माणसांनी ती विकत घेतली आणि पुढं फक्त यांत्रिक घड्याळांकडंच वळले. जिद्द आहे. पण पाण्यातला प्रश्न? तो नाही.

सर्टिनानं १९५९ ला डीएस म्हणजे डबल सिक्युरिटी काढली, मशीनभोवती धक्का शोषणारी रिंग आणि जाड गॅस्केट. प्रश्न सोडवलाय, किंमत पण आवाक्यात. राखीव यादीत ठेवतोय.

१४ डिसेंबर

रंकाळ्यावर मित्राशी ट्यूडरवरून तासभर वाद. तो म्हणतो, "भावा, ट्यूडर घे आणि विषय संपव. रोलेक्सच्या घरातलं, फ्रेंच नेव्हीनं वापरलेलं, आणि उद्या विकायला काढलंस तर पैसे पण बुडत नाहीत."

त्याचं सगळं खरं आहे. ट्यूडरचं पहिलं सबमरिनर १९५४ चं, फ्रेंच नौदलानं ट्यूडर पुढं कित्येक वर्षं वापरलं, १९६९ चे ते चौकोनी स्नोफ्लेक काटे लांबूनच ओळखू येतात आणि अंधारात तासकाटा-मिनिटकाटा यांची गल्लत होत नाही. ब्लॅक बे फिफ्टी-एट २०१८ ला आलं, ३९ मिलिमीटर, एकदा पूर्ण चावी भरली की ७० तास चालणारं, माझ्या मनगटाला याच्यापेक्षा चांगलं काही बसणार नाही.

पण रोलेक्सच्या संस्थापकानं, हान्स विल्सडॉर्फनं, ट्यूडर काढलं ते रोलेक्सचा भरवसा कमी किमतीत देता यावा म्हणून. त्या काळी केस रोलेक्सची, क्राऊन रोलेक्सचा, मशीन बाहेरचं. म्हणजे त्यांनी सोडवलेला प्रश्न किमतीचा. तो पण मोठाच प्रश्न आहे, मी त्याला कमी लेखत नाही, पण माझ्या बॉक्समध्ये पाण्याचे प्रश्न पाहिजेत. आणि विकायचा विचार करून मी काही घेत नाही. मित्र स्वतः ट्यूडर घेणार आहे, घेऊ दे, त्याचं मनगट त्याला शोभेल.

२८ डिसेंबर

डॉक्सा. याच्यावर जास्त लिहिणार आहे.

ल ल्योक्लच्या जॉर्ज ड्युकोमांनं १८८९ ला सुरू केलेली कंपनी. १९६७ ला त्यांनी सब ३०० काढलं आणि ते सैनिकांसाठी नव्हतं, हौशी डायव्हरांसाठी होतं. फ्रेंच समुद्र संशोधक जाक कुस्तोच्या पथकातल्या क्लोद वेस्लीची मदत होती आणि अमेरिकेत ते कुस्तोशी संबंधित यूएस डायव्हर्स कंपनीनं विकलं. तोपर्यंत डायव्हर घड्याळ म्हणजे काळी डायल. यांनी नारिंगी केली, कुठला रंग पाण्यात नीट दिसतो ते तळ्यात उतरून बघून. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे: पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विझतो आणि त्याच्या मागोमाग नारिंगी, त्यामुळं फार खोलवर ही डायल मळकट दिसते. पण तिच्यावरचे जाड काळे काटे उठून दिसतातच, आणि हौशी माणूस जिथवर जातो तिथवर रंग पुष्कळ राहतो.

खरा मुद्दा बेझलचा. डॉक्साच्या बेझलवर दोन वर्तुळं आहेत, आतल्यावर मिनिटं आणि बाहेरच्यावर खोली, फुटात. अमेरिकन नौदलाच्या तक्त्यातले आकडे सरळ बेझलवर कोरलेत. ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५, १३० फुटांवर फक्त १०. म्हणजे उतरताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि तुम्ही १०० फुटांवर असाल तर मिनिटकाटा बाहेरच्या वर्तुळातल्या १०० ला पोचायच्या आत वर निघायचं. तेवढ्यात निघालात तर वाटेत थांबे न घेता वर येता येतं, नाही निघालात तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि माणूस अधू होतो किंवा जातो. आकडेमोड नाही, पाठांतर नाही, दमलेल्या घाबरलेल्या माणसाला पण कळेल असं. बाकीच्यांचं बेझल किती वेळ झाला एवढं सांगतं, हे अजून किती थांबता येईल ते सांगतं.

आपल्या कोल्हापूरकरांना तर फुटाचं माप वेगळं शिकवायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ फूट-इंचात ऐकत मोठे झालोय, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. मी आज आप्पांना बेझलचा फोटो दाखवला आणि कसं वाचायचं ते सांगितलं, त्यांना एका झटक्यात कळलं. "म्हणजे पाणी जास्त तर वेळ कमी," म्हणाले.

आजकाल डायव्हर मनगटावर कॉम्प्युटर लावतात, आणि तेच बरोबर आहे, कॉम्प्युटर खोलीचा सतत हिशोब ठेवतो आणि हौशी डायव्हरांचे आजचे तक्ते जुन्या आकड्यांपेक्षा बहुतेक जास्त सावध आहेत. मी पण १९६७ चे आकडे बघून खोल जाणार नाही. पण तो हिशोब पहिल्यांदा धातूच्या रिंगवर आणणारे हे लोक, म्हणून एका वाक्यात उत्तर देणारं पहिलं घड्याळ मला सापडलंय.

११ जानेवारी

जपान. इथं सेको की सिटिझन, का दोन्ही.

सेकोचं पहिलं डायव्हर १९६५ चं, ६२मास म्हणतात त्याला, १५० मीटरचं, जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेलं. त्याच्या वंशातलं एसपीबी१४३ माझ्या मनात बरीच वर्षं आहे, ४०.५ मिलिमीटर, २०० मीटर, सुटसुटीत. आणि एसकेएक्स००७ तर कितीतरी जणांचं पहिलं खरं डायव्हर, १९९६ पासून ते बंद होईपर्यंत आयएसओवालं घड्याळ साध्या पगारात बसवणारं.

पण सेकोची मोठी गोष्ट ट्यूनाची. १९६८ ला हिरोशिमाजवळच्या कुरेतल्या एका व्यावसायिक डायव्हरनं कंपनीला पत्र लिहिलं की तुमची घड्याळं आमच्या कामात टिकत नाहीत. हे लोक दिवसेंदिवस दाबाखालच्या चेंबरमध्ये राहून काम करायचे, तिथल्या हवेत हेलियम असतो, त्याचा अणू इतका बारीक की गॅस्केटमधून घड्याळात शिरतो. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, आतला हेलियम तेवढ्या वेगानं बाहेर पडू शकत नाही आणि काच उडते. रोलेक्स आणि डॉक्सानं यावर व्हॉल्व्ह बसवला, शिरलेला हेलियम बाहेर सोडणारा. सेकोनं सात वर्षं खपून वेगळाच रस्ता काढला, १९७५ चं ६०० मीटरवालं, हेच ते ट्यूना. मागचं झाकणच नाही, केस एकसंध, मशीन वरून बसवायचं, एल आकाराची गॅस्केट, टायटॅनियमची केस, वर धक्क्याचं कवच. हेलियम आत जाऊच द्यायचा नाही. पट्टा पण वळ्यावळ्यांचा केला, खोलवर डायव्हरचा सूट दाबानं आक्रसला तरी घड्याळ सैल पडू नये म्हणून. इकुओ तोकुनागा या अभियंत्याचं हे काम. मी व्हॉल्व्हच्या कंपनीत काम करतो, तरी सांगतो, इथं व्हॉल्व्ह न बसवणारा जिंकला.

सिटिझनची गोष्ट शांत आहे. १९७७ चं त्यांचं चॅलेंज डायव्हर १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलं, वर्षानुवर्षं समुद्रात पडलेलं, सगळ्या अंगावर शिंपल्यासारखे बार्नेकल चढलेले, आणि ते चालू होतं. ऑटोमॅटिक असल्यामुळं लाटांच्या हेलकाव्यावरच चावी भरत राहिली. त्याच्यावरून २०२१ ला फुजित्सुबो आलं, जपानीत त्या बार्नेकलचंच नाव. ४१ मिलिमीटर, २०० मीटर, टायटॅनियम, वर कडक कोटिंग.

आणि सिटिझन आपल्याला परकं कुठं आहे. १९६१ ला एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना सिटिझनच्या सहकार्यानंच उभा राहिला. आप्पांच्या एचएमटी जनताच्या डायलवर पॅराशॉक लिहिलंय ते सिटिझनच्याच धक्का-रोधक यंत्रणेचं नाव.

१८ जानेवारी

पुण्याला जाऊन मनगटावर लावून बघितली. फुजित्सुबो हातात घेतल्यावर आधी वाटलं आत काही आहे की नाही इतकं हलकं. दिवसभर घालून मशीनशॉपमध्ये फिरायला हेच. ब्लॅक बे पण घालून बघितलं, सुंदरच आहे, तरी नियम तो नियम.

डॉक्सा मुंबईहून आलेल्या एका ओळखीच्यांकडं बघायला मिळालं. ४२.५ मिलिमीटर ऐकायला मोठं वाटतं पण केस पसरट आणि गोलसर, डायल छोटी, त्यामुळं मनगटावर आडवं बसतं आणि टोचत नाही. बारीक मण्यांची चेन, तांदळाच्या दाण्यासारखी, हातावरून पाण्यासारखी वळते.

१ फेब्रुवारी

सर्व्हिसचा विचार, जो खरं तर आधी करायला पाहिजे प्रत्येकानं. मी कोल्हापुरात जिथं जिथं विचारलं तिथं प्रेशर टेस्टचं मशीन नव्हतं. झाकण उघडून सेल बदलतात, तीच वाकडी झालेली गॅस्केट परत बसवतात. डायव्हर घड्याळ एकदा असं उघडलं की २०० मीटर विसरायचं. रबर दरवर्षी थोडं थोडं कडक होतं, कुणी उघडलं नाही तरी होतं. म्हणून पोहायच्या घड्याळाची वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट, आणि उघडलं तर गॅस्केट नवी, सिलिकॉन ग्रीस लावून.

डॉक्साच्या आत ईटीए या स्विस मशीनवाल्या कंपनीच्या २८२४ च्या घराण्यातलं मशीन असतं, काही घड्याळांत सेलिटा कंपनीचा त्याचाच जुळा. काकांना विचारलं.

"२८२४? येतंय की. लई उघडलेत. पार्ट मिळतात."

आताच्या ट्यूडरचं मशीन त्यांच्या स्वतःच्या घराण्याचं, ते कंपनीकडंच पाठवायला लागणार. सिटिझनचं पण कंपनीकडंच. पण डॉक्सा चाळीस वर्षांनी सुद्धा कुणीतरी जाणकार माणूस दुरुस्त करू शकेल, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. मशीन काकांनी करायचं, सील आणि दाबाची तपासणी पुण्या-मुंबईत.

किमतीचं एक: भारत-एफ्टा (स्वित्झर्लंड धरून चार युरोपीय देशांचा गट) करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणार आहे. थांबलं तर स्वस्त पडेल हे खरं, पण मी डॉक्सासाठी थांबणार नाही, रीतसर ड्यूटी भरून पावतीसह मागवणार. बिनपावतीचं काही घरात नको.

२२ फेब्रुवारी

ठरलं आणि दोन आलीत.

एक, डॉक्सा सब ३००टी, त्या १९६७ च्या सब ३०० च्याच वंशातलं, नारिंगी. किती वेळ थांबता येईल, या प्रश्नाचं घड्याळ.

दोन, सिटिझन फुजित्सुबो, काळं. समुद्रात टिकून राहण्याचं.

तिसरी जागा ट्यूना हजार मीटरची. तेच पाहिजे, एकसंध केसवालं, ३०० मीटरवालं स्वस्तातलं नको कारण त्यात ही हेलियमची गोष्ट येत नाही. पुढच्या भिशीला. एसपीबी१४३ सोडताना वाईट वाटलं, पण त्याच घराण्याचं सगळ्यात मोठं काम ट्यूनात आहे. अंधारात दिसण्याच्या प्रश्नाला फिफ्टी फॅदम्सच, ते परवडणार नाही, म्हणून त्या प्रश्नाची जागा बॉक्समध्ये ठेवलेलीच नाही.

आप्पांनी दोन्ही हातात घेऊन बघितली. सिटिझन कानाला लावलं आणि जनता दुसऱ्या कानाला. म्हणाले नवीन जास्त भरभर वाजतंय. बरोबर आहे, जनता ताशी १८,००० ठोके, हे २८,८००.

१५ मार्च

तारकर्लीला मामेभावाबरोबर जाऊन आलो, गगनबावड्याच्या घाटानं. पर्यटकांना नेतात त्या उथळ पाण्यातच उतरलो, प्रशिक्षक सोबत, त्यांच्या मनगटावर कॉम्प्युटर आणि माझ्या मनगटावर डॉक्सा. त्रिकोण मिनिटकाट्यासमोर लावला तेव्हा प्रशिक्षकांनी हात धरून बेझल नीट बघितलं आणि अंगठा-बोटाची गोल खूण केली. पाणी गढूळसर हिरवं, तरी डायल स्पष्ट वाचता येत होती, नारिंगी थोडी विटकरी झालेली पण काटे जसेच्या तसे. भावाच्या मनगटावर फुजित्सुबो दिलं होतं, त्यानं आख्खा वेळ ते खडकावर आपटलं आणि त्याच्यावर ओरखडा शोधूनही सापडत नाही, ते कोटिंग जाहिरातीपुरतं नाहीये.

वर आल्यावर दोन्ही गोड्या पाण्यात बुडवून ठेवली, क्राऊन घट्ट बंद असल्याची खात्री करून, आणि बेझल पाण्यातच दोन-चार वेळा फिरवलं, नाहीतर खालचं मीठ सुकून बेझल अडकतं. घरी येऊन काचेवर थेंबाची टेस्ट केली, दोन्हींत वाफ नाही. पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलंय, प्रत्येक घड्याळ कधी घेतलं, शेवटची प्रेशर टेस्ट, गॅस्केट कधी बदलली. तिसरी ओळ ट्यूनासाठी कोरी ठेवलीय. पहिली टेस्ट फेब्रुवारीत, दोन्हींची एकदमच पुण्याला पाठवणार.